मदत हवी आहे: जुना आयमॅक, नवीन रॅम बसत नाही आणि चालू केला की टुण टुण वाजतोय (अर्जंट)

प्रेसवालं_पोरगं
नमस्कार मंडळी. आमच्याकडं आयमॅक आहे २०११ चा, मॉडेल ए१३११, लई स्लो झालाय म्हणून रॅम वाढवायची ठरवली, दुकानातनं डीडीआर३ ची आठ जीबीची स्टिक आणली, स्क्रीनच्या खालची पट्टी उघडली, जुन्या दोन्ही काढल्या आणि आता नवीन बसतच नाही. चालू केला तर स्क्रीन काळी आणि टुण असा आवाज येतोय, थोडं थांबतो, परत टुण. गेला का मशीन? कुणाकडं याची सगळी स्पेसिफिकेशन असतील तर टाका. रॅम कुठली लागते, किती चालते, एसएसडी बसते का, विंडोज टाकावं का. पप्पा संध्याकाळी यायच्या आत चालू झाला पाहिजे, नाहीतर माझं काही खरं नाही.

हणमंत_हार्डवेअर
घाबरू नको, काही गेलं नाही. दर पाच सेकंदाला एकदा टुण म्हणजे "मला रॅमच दिसत नाही" एवढंच सांगतोय तो. तीनदा वाजून थांबला असता तर रॅम खराब आहे असं समजायचं. जुन्या दोन्ही होत्या तशा परत घाल, खट् होईपर्यंत दाब, अर्धवट बसल्या तरी हाच आवाज येतो. आणि नवीन स्टिक किती लांब आहे? सव्वापाच इंचाच्या आसपास असेल तर ती टॉवरवाल्या पीसीची आहे भावा, २४० पिनची. आयमॅकला लॅपटॉपची आखूड लागते, २०४ पिनची, सोडिम म्हणतात.

डेटा_डोंगरे
१४ वर्षांच्या मशीनवर कशाला पैसे घालतोस? भंगारात दे आणि मॅक मिनी घे, वीज पण कमी खातो. मी मागच्या वर्षी घेतला, सुखात आहे.

प्रेसवालं_पोरगं
@हणमंत_हार्डवेअर दादा उपकार झाले, जुन्या घातल्या आणि चालू झाला!! नवीन स्टिक लांबच आहे, दुकानदाराला मी "डीडीआर३ द्या" एवढंच म्हणालो होतो. बदलून देतो म्हणालाय. आता सोडिम कुठल्या स्पीडची मागू?

आयटी_आजोबा
थांबा जरा. ए१३११ हे वर्ष नव्हे. साडेएकवीस इंची आयमॅक २००९ च्या शेवटी आला तो ए१३११, २०१० चा ए१३११ आणि २०११ चाही ए१३११. तिन्हींच्या आत वेगवेगळं सामान आहे. २००९ चा असेल तर १०६६ मेगाहर्ट्झची रॅम, पुढच्या दोघांना १३३३ ची. तेव्हा अंदाजाने खरेदी नको. मशीन पालथं न घालता, वाकून अॅल्युमिनियमच्या पायाखाली बघ, बारीक राखाडी अक्षरांत ईएमसी (अॅपलचा मॉडेल ओळखायचा नंबर) आणि पुढे चार आकडे असतील. ते इथे लिही. चष्मा लागत असेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा कर, मी तेच करतो.

हणमंत_हार्डवेअर
आजोबा, त्याने २०११ लिहिलंय की. माझ्याकडं २०११ चाच आहे, आय५, चार कोर, २.५ गिगाहर्ट्झ, थंडरबोल्ट. १३३३ ची सोडिम चालते. कंपनी १६ सांगते पण मी आठ आठच्या चार घालून ३२ चालवतोय.

प्रेसवालं_पोरगं
ईएमसी २३८९ आहे. पण बिल २०११ चंच आहे, माझ्यासमोर आहे.

आयटी_आजोबा
बिल कुठल्या महिन्याचं?

प्रेसवालं_पोरगं
फेब्रुवारी

आयटी_आजोबा
मग झालं तर. २०११ चं मॉडेल बाजारात आलं मे महिन्यात. तुम्ही घेतलंत ते २०१० च्या जुलैत आलेलं. २००९ चा ईएमसी २३०८, २०१० चा २३८९, २०११ चा २४२८.

तुझ्या मशीनमध्ये बहुतेक इंटेलचा कोअर आय३ असेल, दोन कोरचा, ३.०६ किंवा ३.२ गिगाहर्ट्झ. ३.०६ असेल तर ग्राफिक्स रेडिऑन एचडी ४६७० आणि त्याची मेमरी २५६ एमबी, ३.२ असेल तर ५६७० आणि ५१२ एमबी. पडदा १९२० बाय १०८०. रॅमचे खाचे चार, दोन दोन जीबीच्या दोन स्टिका घालून यायचा, म्हणजे दोन खाचे अजून रिकामे असणार, जुन्या काढायची गरजच नव्हती. १३३३ मेगाहर्ट्झ, सोडिम, जास्तीत जास्त १६ जीबी. चार यूएसबी, सगळे २.०. एक फायरवायर ८००. उजव्या कडेला डीव्हीडीची फट आणि तिच्याखाली एसडी कार्डाची.

हणमंत_हार्डवेअर
मागं मॉनिटरच्या पोर्टशेजारी विजेचं चिन्ह आहे का बघ. असेल तर थंडरबोल्ट, म्हणजे वेगवान जोडणीचं पोर्ट, म्हणजे २०११. आकार दोन्हींचा सेम असतो, चिन्हावरनंच कळतं.

प्रेसवालं_पोरगं
वीज नाही. चौकोन आहे आणि दोन्ही बाजूला एकेक उभी रेघ.

हणमंत_हार्डवेअर
मिनी डिस्प्लेपोर्ट. आजोबा बरोबर, मी शब्द मागे घेतो. ३२ चं विसर.

कोकणी_कीबोर्ड
रॅम वगैरे सोडा, त्याचा मॉनिटर करून टाका. जुन्या आयमॅकला लॅपटॉप जोडून पडदा म्हणून वापरता येतो, माझ्या मित्राने केलंय, काय सुंदर पडदा आहे.

आयटी_आजोबा
मित्राचा २७ इंची असेल. २०१० मध्ये ती सोय फक्त २७ इंचीला होती. साडेएकवीसला २०११ पासून मिळाली, तीही समोरच्या मशीनला थंडरबोल्ट असेल तरच. आणि त्याने हे विचारलेलंच नाही.

सॅनहोजेकर
इकडे अमेरिकेत मी सेम मशीनवर ओपनकोअर लेगसी पॅचर (जुन्या मॅकवर नवीन सिस्टीम चालवायचं टूल) टाकून नवीन मॅकओएस चालवलंय. ऑफिशियली हाय सिएरा, १०.१३.६, तिथे थांबतो, कारण त्यापुढच्या मोहावेपासून ग्राफिक्सला मेटल (अॅपलची ग्राफिक्स प्रणाली) लागतं आणि या रेडिऑनला ते नाही. पॅच करून पुढे जाता येतं, खिडक्या जरा लडखडतात पण चालतं. वीकेंडचा मस्त प्रोजेक्ट आहे!

लिनक्स_लक्ष्मण
लडखडणारं मॅक कशाला? लिनक्स मिंट टाक. फुकट, हलकं, ब्राउझर ताजा. हाय सिएरावर क्रोम ११६ ला अडकलाय, पुढचं मिळणारच नाही.

सॅनहोजेकर
फायरफॉक्सचं ११५ चालतं की हाय सिएरावर. दर धाग्यात मिंट आणलंच पाहिजे का?

लिनक्स_लक्ष्मण
आणि दर धाग्यात तुमचं पॅचर?

नवीन_सदस्य_४४
माझ्याकडे पण ऑल-इन-वन आहे काळ्या रंगाचा, तो पण स्लो आहे, त्याला कुठली रॅम लागेल?

हणमंत_हार्डवेअर
@नवीन_सदस्य_४४ रंगावरनं रॅम सांगता आली असती तर मी ज्योतिषी झालो असतो. मॉडेल नंबर घेऊन वेगळा धागा काढा.

प्रेसवालं_पोरगं
अहो माझं राहिलंच. रॅमचं कळलं. आता एसएसडी टाकली तर फास्ट होईल का, आणि नवीन मॅकओएस टाकू का? कारण साईट पण उघडत नाहीत कुठल्याच, सर्टिफिकेट चुकीचं आहे म्हणतो.

शाईचा_डाग
एक विचारू का? स्लो म्हणजे नक्की काय स्लो? आता त्यावर कुठली सिस्टीम आहे? आणि त्या मशीनवर रोज काम काय होतं? नाव "प्रेसवालं" आहे म्हणून विचारते, मी स्वतः बारा वर्षं डीटीपी केलंय.

प्रेसवालं_पोरगं
१०.६.८ आहे. चालू व्हायलाच चार मिनिटं, मग फाईल उघडताना रंगीत गोळा फिरत बसतो. काम म्हणजे पप्पांचा छपाईचा प्रेस आहे इचलकरंजीत, लग्नपत्रिका, गणेश मंडळांचे अहवाल, पतसंस्थांची पुस्तकं. पानं मांडायचं सॉफ्टवेअर क्वार्क ६.५, त्यावर करतात सगळं. फाँट जुने आहेत, युनिकोडवाले नाहीत.

शाईचा_डाग
अरे देवा. हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं होतंस.

आयटी_आजोबा
सगळ्यांनी हात वर करा. बाळा, कोणताही अपडेट दाबू नकोस.

क्वार्क ६.५ हे पॉवरपीसी प्रोसेसरसाठी लिहिलेलं आहे. तुमच्या इंटेलच्या मॅकवर ते चालतं ते रोझेटा नावाच्या दुभाष्यामुळे, आणि हा दुभाष्या १०.६ म्हणजे स्नो लेपर्डपर्यंतच होता. १०.७ मध्ये काढून टाकला. वरच्या सल्ल्यांपैकी कुठलाही ऐकला असतास, हाय सिएरा म्हणा, मिंट म्हणा, की त्या क्षणी क्वार्क बंद, आणि पप्पांच्या सगळ्या फायली नुसत्या नावापुरत्या.

सॅनहोजेकर
ओह. हे मला माहीत असतं तर पॅचरचं बोललोच नसतो. सॉरी.

लिनक्स_लक्ष्मण
पण कधीतरी युनिकोडवर जावंच लागणार ना? किती दिवस त्या फाँटला धरून बसणार? नंतर काय करणार?

शाईचा_डाग
लक्ष्मणदादा, पत्रिकेत "श्री" च्या वेलांटीला जी कलाकुसर लागते ती गिऱ्हाईक त्याच फाँटात मागतं. जुना मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतो पण रफार आणि अर्धी अक्षरं हाताने तपासावी लागतात, आणि मांडणी पहिल्यापासून. मी एका संस्थेचं स्मरणिकेचं काम तसं केलं होतं, "आशीर्वाद" दर पानावर वेगळाच झाला होता. सीझनच्या तोंडावर हे कुणी करत नाही.

हणमंत_हार्डवेअर
आता कामाचं बोलू. अॅक्टिव्हिटी मॉनिटर उघड, सिस्टीम मेमरीवर जा, "पेज आउट्स" समोर किती आकडा आहे? आणि डिस्कवर जागा किती शिल्लक?

प्रेसवालं_पोरगं
पेज आउट्स ३.१ जीबी. जागा ५०० पैकी ११ जीबी.

हणमंत_हार्डवेअर
म्हणजे रॅम पण कमी पडतीय आणि डिस्क पण गच्च भरलीय. चार चार जीबीच्या दोन सोडिम रिकाम्या खाच्यात घाल, जुन्या राहू देत, १२ होतील. क्वार्क ३२ बिटचं आहे, त्याला एकट्याला एवढी वापरता येणार नाही, पण फोटोचं सॉफ्टवेअर, फाँट मॅनेजर बाजूला चालू असेल तर फरक पडतो. खरा फरक एसएसडीने. पण हार्डडिस्क काढून तिथं एसएसडी घालू नको! या मॉडेलला डिस्कच्या तापमानाची वायर थेट डिस्कच्या पिनांना जोडलेली असते आणि दर कंपनीच्या डिस्कची पिन वेगळी. एसएसडीला ती लागत नाही, मग मशीन समजतं डिस्क पेटली आणि पंखा फुल्ल सोडतं. मी एकदा केलंय, पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटत होतं.

आयटी_आजोबा
म्हणून मी म्हणेन डीव्हीडी ड्राईव्हच्या जागी. १२.७ मिलिमीटरची साटा (डिस्कची जोडणी) कॅडी म्हणजे चौकट मिळते, तीत एसएसडी बसते, हार्डडिस्क आणि तिची वायर जागच्या जागी. डीव्हीडी ड्राईव्हवर एक छोटा सेन्सर चिकटवलेला असतो, तो सोडवून कॅडीवर चिकटवायचा, विसरायचा नाही. महागडी एसएसडी घेऊ नकोस, या मशीनचं साटा ३ गिगाबिटचं आहे, सेकंदाला २५० ते २७० एमबीच्या पुढे काही मिळत नाही. तरी जुन्या डिस्कच्या दुपटीहून जास्त.

मग स्नो लेपर्ड जसाच्या तसा डिस्क युटिलिटीतल्या रिस्टोअरने एसएसडीवर उतरवायचा. इंटरनेटसाठी वेगळा लॅपटॉप वापरा, या मशीनवर साईट उघडायच्याच कशाला.

डेटा_डोंगरे
म्हणजे मिनी घ्यायचा नाहीच का? इंटरनेटला तरी घ्या.

शाईचा_डाग
आणि या सगळ्याच्या आधी बॅकअप. १४ वर्षांची हार्डडिस्क आहे ती. बाहेरच्या डिस्कवर पूर्ण कॉपी, फाँटचे फोल्डर वेगळे, क्वार्कच्या सीडीचा नंबर वहीत लिहून. फायरवायरची डिस्क मिळाली तर उत्तम, यूएसबी २.० वर रात्रभर लावून ठेव.

प्रेसवालं_पोरगं
डीव्हीडी ड्राईव्ह काढायला हरकत नाही पण त्यात एक सीडी अडकलीय कधीची, बटण दाबून येत नाही.

हणमंत_हार्डवेअर
बंद कर, माऊसचं बटण दाबून धर आणि तसंच धरून चालू कर. सीडी बाहेर येईपर्यंत सोडू नको.

प्रेसवालं_पोरगं
(चार दिवसांनी) अपडेट देतोय. दुकानदारानं स्टिक बदलून चार चारच्या दोन सोडिम दिल्या, आता अबाउट धिस मॅकमध्ये १२ जीबी १३३३ दाखवतंय. गोळा फिरायचा कमी झालाय. बॅकअप झाला, यूएसबीवर अकरा तास लागले, दोनदा उठून बघितलं. माऊसची युक्ती चालली, घर्र घर्र करत सीडी आली बाहेर, तिच्यावर पप्पांच्या अक्षरात "फाँट मूळ - देऊ नये" असं मार्करनं लिहिलंय. ते दोन वर्षं ती शोधत होते आणि मशीनला हात लावला म्हणून मला शिव्या घालणार होते ते चहाच पाजला. कॅडी मागवलीय. आता काच कशी काढायची? स्क्रू कुठंच दिसत नाही.

हणमंत_हार्डवेअर
काचेला स्क्रू नाहीच, चुंबकावर आहे. वरच्या दोन कोपऱ्यात सक्शन कप लाव आणि सरळ पुढं ओढ, आतल्या बाजूला बोट लावू नको, ठसा राहिला तर कायमचा डोळ्यासमोर. त्याच्या आत पडद्याला आठ स्क्रू, टी१० चे. पडदा उचलताना मागं चार बारीक वायरी असतात, झटका देऊ नको.

प्रेसवालं_पोरगं
सक्शन कप आमच्याकडं कुठं मिळणार?

शाईचा_डाग
काचेच्या दुकानात. नाहीतर आंघोळीच्या खोलीतला टॉवेलचा हुक काढ, दोन पुरतात.