ओव्हरीची गाठ की फायब्रॉइड? दोन सोनोग्राफी, दोन वेगळे रिपोर्ट

धाकटी_बहीण
ताईबद्दल विचारायचंय. वय ४३. दोन महिने ओटीपोटात जड जड वाटत होतं आणि सारखं लघवीला जावं लागत होतं, तिला वाटलं नेहमीचं इन्फेक्शन, गोळ्या झाल्या, फरक शून्य. शेवटी सोनोग्राफी केली तर डाव्या बाजूला ८.६ बाय ७.१ सेमीची गाठ, काही भाग घट्ट, काही कप्प्यांत पाणी, आणि खाली लिहिलंय डावी ओव्हरी वेगळी दिसत नाही, ओव्हरीच्या ट्यूमरची शक्यता. सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरच्या संशयात करतात ती रक्ततपासणी) केली ती ७१, कागदावर ३५ च्या आत हवी असं छापलंय. दुसरीकडे परत सोनो केली तर ते म्हणे गर्भाशयाची फायब्रॉइड (स्नायूची साधी, कॅन्सर नसलेली गाठ) वाटते, एमआरआय करा.

आता घरात दोन तट. एकाचं म्हणणं एमआरआयमध्ये वेळ घालवू नका, सरळ ऑपरेशन करून टाका. दुसरा म्हणतो सुईने तुकडा काढून तपासा, विषय संपेल. मी नेटवर आरएमआय नावाचा हिशोब शोधला नि केला तर २१३ आला, २०० च्या वर कॅन्सरचा धोका म्हणे, तेव्हापासून झोप उडालीय. ताईला यातलं काही सांगितलेलं नाही. एकाच गाठीचे दोन रिपोर्ट इतके वेगळे कसे??

फिल्म_बघणारा
रेडिओलॉजीत आहे, रोज असल्या गाठी बघतो. यात विचित्र काही नाही. एवढी मोठी गाठ झाली की ती गर्भाशय, ओव्हरी, आतडी सगळ्यांना खेटून बसते आणि मूळ कुठून आलीय तेच दिसेनासं होतं. घरचे विचारतात कॅन्सर आहे का, आम्ही आधी विचारतो गाठ आहे कुणाची. त्याचं उत्तर मिळालं की पुढचं बरंच आपोआप सुटतं. दोन्ही ओव्हऱ्या गाठीपासून वेगळ्या दिसल्या तर गाठ बहुतेक ओव्हरीची नसते. पण ओव्हरी दिसत नाही म्हणजे गाठ तिचीच, असं उलटं लावायचं नाही, ती मागे दडलेलीही असते.

फायब्रॉइड गर्भाशयाबाहेर देठावर लोंबत असेल आणि आतून सडून पाणी झालं असेल तर सोनोत हुबेहूब ओव्हरीच्या ट्यूमरसारखी दिसते. एमआरआयमध्ये गर्भाशयाकडून गाठीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दिसल्या की देठ सापडला म्हणायचं. चॉकलेट सिस्टमधलं (ओव्हरीतली जुन्या रक्ताची गाठ) जुनं रक्त, डर्मॉइडमधली (ओव्हरीतली चरबी-केसांची गाठ) चरबी, हेही त्यात वेगळं ओळखता येतं. सोनो नुसती पोटावरून केली की योनीमार्गातून आतूनही, म्हणजे टीव्हीएस? ते बघ.

आणि ओटीपोटातली गाठ म्हणजे ओव्हरी नाहीतर गर्भाशय असंही काही नाही. अपेंडिक्स चिकट द्रवाने फुगलेलं असतं, माकडहाडाजवळच्या नसेची गाठ असते. एकदा ‘पेल्विक मास’ म्हणून आलेली बाई, निघाली तिची स्वतःची किडनी. गर्भात असतानाच वर सरकायची राहिली होती. सरळ ऑपरेशन करून टाका म्हणणाऱ्यांना हे नक्की सांग.

आधी_मीही
माझं सांगते. आधी पोटाची दोन ऑपरेशनं झालेली, नंतर उजवीकडे पाण्याची मोठी गाठ, सगळे घाबरलेले. एमआरआयवाल्या मॅडमनी स्क्रीन वळवून दाखवलं, मधोमध माझी चांगली ओव्हरी आणि भोवती पातळ पडदे, जाळ्यात कोळी बसावा तशी. ट्यूमर नव्हताच, जुन्या ऑपरेशनच्या चिकटलेल्या पडद्यांत ओव्हरीचं पाणी अडकलेलं. अजून आहे तसंच आहे, त्रास नाही म्हणून नुसतं लक्ष ठेवतो.

नाईटड्युटी
गायनॅक रेसिडेंट. आधी सुईचं, कारण हे लवकर थांबवायला हवं. ओव्हरीचा कॅन्सर असलाच आणि अजून कवचाच्या आत असला तर टोचल्याने पेशी पोटात सांडू शकतात, १ए स्टेजचा (ओव्हरीतच बंद असलेला) १सी (पेशी बाहेर सांडलेला) होतो. पसरलेला दिसत असेल तेव्हा बायोप्सी घेतात, ती गोष्ट वेगळी.

तुझा २१३: घट्ट भाग आणि कप्पे म्हणून ३, पाळी चालू म्हणून १, गुणिले ७१, असंच केलंस ना? हिशोब बरोबर आहे पण तो ओव्हरीच्या गाठीसाठी आहे गं, गाठ फायब्रॉइडची निघाली तर त्या आकड्याला अर्थच नाही. सीए-१२५ फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), इन्फेक्शन, पोटातला टीबी, कशानेही वाढते, पाळीतसुद्धा. आणि उलट ओव्हरीच्या पहिल्या स्टेजच्या कॅन्सरमध्ये निम्म्या जणींची नॉर्मल येते, म्हणून तिच्यावर एकटीवर भरवसा नको.

सांग: रक्त पाळीत दिलं होतं का? कॉपर टी आहे का? टीबी झालाय का कधी? मध्येच एका बाजूला अचानक जोरात कळ येऊन उलट्या झाल्या तर एमआरआयच्या तारखेची वाट बघू नका, गाठीला पीळ पडलेला असू शकतो, लगेच कॅज्युअल्टी.

धाकटी_बहीण
पाळीच्या दुसऱ्या दिवशी दिलं होतं 🤦 कुणी विचारलंच नाही. टीबी नाही. कॉपर टी आहे, नऊ वर्षं झाली. एमआरआयला चालते का ती?

नाईटड्युटी
तांब्याची सहसा चालते, आधी सांगून ठेवा फक्त. विचारलं अशासाठी की फार वर्षं ठेवलेल्या कॉपर टीमुळे क्वचित अ‍ॅक्टिनोमायसिस नावाचं इन्फेक्शन होतं, त्याचा असा घट्ट गोळा होतो की पोट उघडेपर्यंत सगळे कॅन्सरच समजतात, आणि तो जातो बरेच महिने पेनिसिलिनने! ताईला ताप नाही, वजन उतरलेलं नाही, म्हणजे शक्यता कमी, पण डॉक्टरांच्या कानावर घाल.

धाकटी_बहीण
अपडेट. एमआरआय झाली. दोन्ही ओव्हऱ्या वेगळ्या आणि नॉर्मल, डावी गाठीच्या मागे दबलेली होती. गाठ गर्भाशयाची, देठावरची, आतून सडलेली, म्हणजे @फिल्म_बघणारा म्हणाले तस्संच. मग ताईला २१३ चं सांगितलं तर मलाच ओरडली. आता दुर्बिणीतून तुकडे करून काढू म्हणतायत, ते बरोबर आहे ना?

नाईटड्युटी
तुकडे कसे करणार ते विचारा. फायब्रॉइड समजून काढलेली गाठ क्वचित सार्कोमा (गर्भाशयाच्या स्नायूचा कॅन्सर) निघते आणि पोटात तुकडे करायचं मशीन मोकळं फिरवलं तर ती पसरते, २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध-उपकरणांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) त्यावरच इशारा दिला होता. पिशवीत घालून तुकडे करणार का, की छोटा छेद देऊन अख्खी काढणार, हे ऑपरेशनच्या आधी ठरवून घ्या.