मदत हवी आहे: कँटोनीजमध्ये पटापट एकामागून एक घडलेलं कसं सांगायचं?

मंडळी, हाँगकाँगला राहून कँटोनीज शिकतेय, बाजार, बस, भावताव सगळं निभतं पण घडलेला प्रसंग सांगायला गेले की अडतं, कारण माझं प्रत्येक वाक्य ‘कन-च्यु’ म्हणजे ‘मग’ने सुरू होतं, मग हे झालं मग ते झालं. शेजारच्या आजी २०२३ च्या सप्टेंबरचं सांगतात ना, साओला वादळ आलं, १० नंबरचा, म्हणजे वादळाचा सगळ्यात वरचा सिग्नल लागला, ते निस्तरतंय तोच ७ तारखेच्या रात्री काळ्या पावसाचा, म्हणजे अतिवृष्टीचा सगळ्यात वरचा इशारा, तासात दीडशे मिलीमीटरच्या वर, वाँग ताय सिनच्या मेट्रो स्टेशनात पाणी, हे त्या अशा सांगतात की ऐकणाऱ्यालाच धाप लागते. मला तसं बोलायचंय!

‘यत... चउ...’ (च चमच्यातला) माहितीये, हे झालं की लगेच ते. पण आपल्या ‘उतरते न उतरते तोच’ मधली घाई त्यात येते का? शिवाय ‘सिक युन फान चउ चउ’, जेवण झालं की निघायचं, यात पहिला ‘चउ’ खालच्या सपाट सुरात आणि दुसरा, निघण्याचा, वर चढणारा, भरभर बोलताना माझे दोन्ही एकच होतात. आणि ‘चिप-यी-लिन-साम’ व ‘लुक-चुक’ यात नेमकं काय वेगळं? प्लीज कोणीतरी सांगा.

प्रतिसाद:
‘तोच’साठी ‘ङाम-ङाम’ घ्या, बरीच मंडळी नुसतं ‘आम-आम’ म्हणतात. ‘ङो ङाम-ङाम लोक-छे चउ लोक-यू’, मी बसमधून उतरते न उतरते तोच पाऊस. ‘लुक-चुक’मध्ये घाई नाहीये, पाहुणे एकेक करून येतात तसं, मध्ये वेळ जातो. लागोपाठ अपघात, संकटं असतील तर ‘चिप-यी-लिन-साम’, बातम्यांत भरपूर ऐकाल, आजींच्या सप्टेंबरला अगदी चपखल. ‘लाला-सेंग’, म्हणजे झटपट, हे मात्र माणसाच्या घाईला, लाला-सेंग आवरून निघाला असं, पावसाला नको. आणि कन-च्यु सरळ गाळा हो, क्रियापदाला भूतकाळाचं वेगळं रूपच नाही तिथे, ज्या क्रमाने सांगाल त्या क्रमाने घडलं असंच ऐकणारा धरतो, त्यामुळे छोटी छोटी वाक्यं नुसती एकापुढे एक ठेवली तरी वेग येतो. दोन ‘चउ’साठी दुसरा मुद्दाम जरा लांबवा, चढ आपोआप ऐकू येईल.