गस्त हवी, पण ‘अनोळखी’ म्हणजे कोण?

सेटलमेंटचा नातू:

सोलापुरातील विजापूर रोडवरील काही सोसायट्यांनी मिळून तयार केलेले सूचनापत्र काल या चर्चामंचावर आले आणि त्याखाली लगेच कौतुकाची रांग लागली. ज्यांनी ते वाचले नाही त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात देतो. तीन महिन्यांच्या अंतराने दोन घरफोड्या झाल्या म्हणून रात्री अकरा ते पहाटे चार या वेळेत तरुणांची गस्त सुरू करायची. भंगारवाले, बहुरूपी, भविष्य सांगणारे आणि भिक्षेकरी यांना कायमची प्रवेशबंदी करायची. आणि ‘संशयित समाजातील’ कोणी दिसल्यास त्याचा फोटो काढून ताबडतोब ग्रुपवर टाकायचा. गस्तीला माझा विरोध नाही. उरलेल्या दोन कलमांवर मात्र मला गप्प बसवत नाही.

माझे आजोबा याच शहरात तारेच्या कुंपणाआड वाढले. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा ‘गुन्हेगार जमातींचा कायदा’ इंग्रजांनी १८७१ साली केला, १९११ नंतर तो मुंबई इलाख्यात लागू झाला आणि सोलापूरची सेटलमेंट, म्हणजे अशा जमातींना कोंडून ठेवणारी वसाहत, उभी राहिली. गिरणीत पाळी करून दमून आलेल्या माणसालाही हजेरी द्यावीच लागे, परगावच्या लग्नाला जायचे तरी पास घ्यावा लागे. आजोबांच्या नावावर आयुष्यात एकही गुन्हा नव्हता, तरी पोलिसाची शिट्टी ऐकली की म्हातारपणीही ते अंथरुणात उठून बसत, हे मी लहानपणी पाहिलेले आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून गेला. सूचनापत्रातील ‘संशयित समाज’ हे दोन शब्द वाचताना तो कायदा आपल्या सोसायटीच्या फाटकावर पुन्हा चिकटवला जात आहे असे मला वाटले, आणि ते लिहिणाऱ्याला त्यात काहीच खटकले नाही याचे अधिक वाईट वाटले.

आता फोटोंविषयी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याचे निरोप मोबाइलवरून फिरत होते, त्यातून हे घडले. मारले गेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते आणि त्यांतील बहुतेक आपल्याच जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले गेले. सोलापूरकरांनी तरी हे विसरू नये. ज्या ग्रुपवर आज तुम्ही झोळी घेतलेल्या माणसाचा फोटो टाकाल, तो फोटो उद्या कोणत्या गावात आणि कोणत्या ओळीखाली पोहोचेल, यावर तुमचा कसलाही ताबा राहणार नाही.

विजापूररोडकर:

ते सूचनापत्र लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे, त्यामुळे उत्तर देणे माझे कर्तव्य समजतो. आपल्या आजोबांविषयी मनापासून आदर आहे, परंतु आमच्या दोन घरफोड्यांचे उत्तर १८७१ सालात सापडणार नाही. माझ्या सासूबाई एका दिवसासाठी तुळजापूरला गेल्या होत्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा कोयंडा उचकटलेला होता, कपाट मोकळे होते आणि चाळीस वर्षे जपलेले सोने गेलेले होते. पंचनामा झाला, ठसे घेतले गेले आणि त्यानंतर आठ महिने आम्ही पोलीस ठाण्यात केवळ ‘तपास चालू आहे’ एवढेच ऐकत आलो. त्या आजही रात्री दोनदा उठून कडी तपासतात. भीती फक्त आपल्याच घरात राहते असे आपण समजू नये. घरफोडीच्या आदल्या दिवशी दोन अनोळखी बायका भांडी देऊन जुने कपडे घेण्याच्या निमित्ताने गल्लीत फिरून गेल्या होत्या, हे तिघा शेजाऱ्यांनी सांगितले आहे. मग आम्ही कोणावर संशय घ्यायचा? आणि चोराला पकडण्याचा अधिकार नागरिकालाही कायद्याने दिलेला आहे, तो आम्ही वापरणार.

सात रस्त्याच्या बाई (निवृत्त शिक्षिका):

सासूबाईंचे दुःख मला समजते, कारण माझ्या गळ्यातील मंगळसूत्र भर सकाळी गेले. पण कोणी नेले तेही ऐका. मोटारसायकलवर दोन मुले आली, इस्त्रीचे कपडे, पायांत चांगले बूट. ‘आजी, अमुक डॉक्टरांचा दवाखाना कुठे?’ असे विचारले आणि मी हात वर करून रस्ता दाखवत असतानाच हिसका बसला. माझ्या मैत्रिणीला तर ‘पुढे खून झाला आहे, दागिने काढून रुमालात बांधा’ असे सांगून दोघा तोतया पोलिसांनी फसवले. रुमालात घरी गेले ते खडे. आमच्या दोघींपैकी एकीलाही भंगारवाल्याने लुटलेले नाही. तुमच्या फाटकावरील पहारेकऱ्याने त्या मोटारसायकलवाल्यांना सलाम करून आत सोडले असते. म्हणून माझा प्रश्न आहे की तुम्ही चोराला अडवत आहात की गरिबाला?

जुळे सोलापूरवासी:

या सगळ्या चर्चेत मूळ गोष्ट राहून जाते आहे, ती म्हणजे अंधार. आमच्या रस्त्यावरील दिव्यांपैकी निम्मे बंद आहेत आणि त्याविषयी अर्ज देऊन माझी वही भरली आहे. दुसरे म्हणजे पाणी. चार-पाच दिवसांआड येणारे पाणी कधी रात्री दीडला येते, तर कधी पहाटे. ज्या रात्री पाणी येते त्या रात्री अख्खी गल्ली जागी असते, बायका बादल्या घेऊन दारात असतात, मोटारींचा आवाज चालू असतो. त्या रात्री चोरी झाल्याचे मला आठवत नाही. उलट तीन रात्री पाण्याची वाट पाहून थकलेली माणसे चौथ्या रात्री दार नीट न लावता गाढ झोपतात आणि तेव्हाच चोराचे फावते. उजनी धरण भरलेले असताना आपल्या नळाला पाणी का नाही, हे कोणी सांगेल का? आधी ते सोडवा, मग गस्तीचे वेळापत्रक करा.

विजापूररोडकर:

पाण्यासाठी आपण वेगळी चर्चा सुरू करावी, ही विनंती. पाणी आले नाही म्हणून आम्ही कुलूप लावणे थांबवायचे का?

जुळे सोलापूरवासी:

वेगळी चर्चा कशासाठी? आपल्या गस्तीतील मुले सकाळी कामावर जाणारी आहेत ना? पाण्याच्या रात्री ती पाणी भरणार की शिट्टी वाजवणार? हा नियोजनाचाच प्रश्न आहे.

साखरपेठकर:

आमच्या पूर्व भागातील अनुभव सांगतो. माझा धाकटा भाऊ टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. मागील वर्षी एका वसाहतीत अशीच गस्त सुरू झाली आणि मध्यरात्रीनंतर सायकलवरून येणाऱ्या माझ्या भावाला सहा जणांनी अडवले. तो घाबरला आणि घाबरला की त्याच्या तोंडून तेलुगूच येते. मराठी नीट का बोलत नाहीस म्हणून त्याच्या कानाखाली वाजवली. ओळखीचे एक अण्णा खिडकीतून ओरडले म्हणून तो सुटला. तो त्याच वसाहतीत अकरा वर्षे भाड्याने राहत होता, पण मारणाऱ्यांपैकी एकालाही तो ठाऊक नव्हता. या शहरात माग रात्रभर चालतात, हे गस्तीचा कागद लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल तर त्याने आधी शहर पाहावे.

आणि लोकांनी पोलिसांना मदत करण्याचे चांगले उदाहरण हवे असेल तर ते आपल्यासारख्याच यंत्रमागांच्या गावात, भिवंडीत आहे. १९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीत होरपळलेल्या त्या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे आणि त्या भागाचा पोलीस नियमित एकत्र बसत, किरकोळ भांडणे तिथेच मिटवत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. त्या कमिटीत बसणारे एकमेकांना नावाने ओळखत होते. तुमच्या गस्तीत कोण कोणाला ओळखतो?

विजापूररोडकर:

आपल्या भावाच्या बाबतीत घडले ते चुकीचेच होते. परंतु एका वसाहतीतील उनाड मुलांचे पाप आमच्या माथी मारू नये. आणि आता कोणी बोलत नाही ते मी बोलतो: ज्या वस्त्यांची बाजू येथे घेतली जात आहे, तेथे गुन्हे घडतच नाहीत का? वर्तमानपत्रात पकडलेल्या टोळ्यांची नावे येतात ती आम्ही छापत नाही.

सेटलमेंटचा नातू:

हे वाक्य मी लहानपणापासून वेगवेगळ्या तोंडांतून ऐकत आलो आहे. शाळेत कंपासपेटी हरवली की पहिल्यांदा माझे दप्तर उलटे केले जाई. पेटी दुसऱ्याच बाकाखाली सापडली तरी माझे दप्तर भरून द्यायला कोणी वाकले नाही. मी आज चांगल्या नोकरीत आहे, कर भरतो, आणि आपल्या सूचनापत्राप्रमाणे माझे चुलते मला भेटायला आपल्या सोसायटीत आले तर त्यांचा फोटो ग्रुपवर जाईल, कारण ते धोतर नेसतात, खांद्यावर पिशवी टाकतात आणि आमची बोली बोलतात. गुन्हेगार प्रत्येक समाजात असतात. बँका बुडवून कोट्यवधी रुपये नेणाऱ्यांची जात विचारून त्यांच्या भाऊबंदांना कोणी सोसायटीच्या दारात अडवल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

विजापूररोडकर:

आपण प्रत्येक गोष्ट स्वतःवर ओढवून घेत आहात. मी आपल्याला चोर म्हटले नाही.

सेटलमेंटचा नातू:

माझे नाव घेतले नाही, हे खरे. कागदावर ‘समाज’ लिहिले, त्यात मी आलो.

मंद्रूपकर:

यात एक दुवा जोडतो. मुळेगाव तांड्यावरील हातभट्टी सर्वांना ठाऊक आहे. छापे पडत, भट्ट्या फुटत आणि पुन्हा लागत. २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक असताना ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू झाले. अधिकाऱ्यांनी अशी गावे आणि तांडे वाटून दत्तक घेतले, कारवाई चालू ठेवली, शिवाय घरोघरी बसून दुसरा कोणता धंदा जमेल हे विचारले. सगळेच सुटले असे मी म्हणणार नाही. माझ्या शेतावर कामाला येणारा एक माणूस मात्र त्याच काळात भट्टी सोडून आला आणि अजून टिकून आहे. पोलीस वस्तीत जाऊन चहा पितो तेव्हा त्याला माहितीही तेथूनच मिळते. ज्या वस्तीला तुम्ही फाटकाबाहेर ठेवाल, ती तुम्हाला चोराचे नाव कशासाठी सांगेल?

माजी बीट अंमलदार:

तीस वर्षे खाकी अंगावर होती, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे सांगतो. विजापूररोडकरांनी उल्लेखलेला अधिकार नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे, पण तो नीट वाचावा. आपल्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणारा किंवा फरारी म्हणून उद्घोषित झालेला माणूसच सामान्य नागरिकाला पकडता येतो, आणि त्याला विनाकारण विलंब न लावता, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. रात्री रस्त्याने चालणे हा गुन्हा नाही. संशयावरून कोणाला कोंडले, मारले, तर गुन्हा तुमच्या मुलांवर दाखल होईल आणि त्यांच्या नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो आयुष्यभर पुढे येत राहील. अशा एका मुलाच्या वडिलांना ठाण्याच्या पायरीवर रडताना मी पाहिले आहे.

दुसरे असे की आपल्या भागात मी पाहिलेल्या घरफोड्या बहुतांशी बंद घरांच्या होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी दिवसाढवळ्या झालेल्या. लग्नसराई, मे महिना आणि सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा हे आमचे धावपळीचे दिवस. दारात साचलेली वर्तमानपत्रे, दोन दिवस न काढलेली रांगोळी आणि बाहेरून दिसणारे भले मोठे कुलूप यांवरून चोराला सगळे कळते. गावाला जाताना शेजाऱ्याला सांगा आणि बीट अंमलदाराला, म्हणजे आपल्या भागाच्या पोलिसाला, कळवा. तो येत नसेल तर ठाण्यात लेखी मागणी करा, तो आपला हक्क आहे. दागिन्यांचे फोटो आणि पावत्या ठेवा, कारण मुद्देमाल सापडल्यावर तो आपला आहे हे सिद्ध करता न आल्याने रडणारी माणसेही मी पाहिली आहेत. गाडीचा क्रमांक टिपून ११२ ला कळवा. माणसाचा चेहरा ग्रुपवर टाकण्याने तपासाला मदत होत नाही. चोर तो असेलच तर सावध होतो आणि नसेल तर काय होते ते राईनपाड्याने दाखवले आहे.

आमच्याही बाजूची चूक मान्य करतो. आठ महिने ‘तपास चालू आहे’ एवढेच ऐकवणे योग्य नव्हते. फिर्यादीला तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत कळवणे आता कायद्याने बंधनकारक आहे. ती लेखी मागा.

विजापूररोडकर:

नव्वद दिवसांची तरतूद आम्हाला आजवर कोणी सांगितली नव्हती. उद्याच अर्ज देतो. आठ महिन्यांचा राग मी ज्यांच्यावर काढायला हवा होता त्यांच्यावर न काढता कागदावर काढला असेल, एवढे मान्य करायला मला हरकत नाही. ‘संशयित समाज’ हे शब्द आणि फोटोचे कलम आम्ही काढत आहोत. सदस्यांपैकी दोघांचा याला अजून विरोध आहे, त्यांची समजूत मी घालीन. मात्र रात्री अकरानंतर येणाऱ्या प्रत्येकाचे नाव फाटकावर लिहून घेतले जाईल, ते कोणीही असोत, अगदी माझे जावई असले तरी. यापेक्षा अधिक माघार मी घेणार नाही.

साखरपेठकर:

रात्रपाळीवाल्यांना रोज थांबवून नाव लिहिणार का? त्यांची यादी एकदाच करून फाटकावर ठेवा.

विजापूररोडकर:

ठीक आहे, यादी करू.

सात रस्त्याच्या बाई (निवृत्त शिक्षिका):

आणि फेरीवाल्यांची बंदी? त्याविषयी आपण सोयीस्कर मौन बाळगले आहे. आमच्याकडे झाडू विकायला येणारी बाई वीस वर्षे येते. मी आजारी असताना दार उघडले नाही म्हणून शेजारी जाऊन चौकशी करणारी तीच होती.

विजापूररोडकर:

रविवारी संध्याकाळी सहाला सोसायटीच्या गच्चीवर बैठक आहे, बीट अंमलदारही येणार आहेत. फेरीवाल्यांचा विषय तेथे घेऊ. ज्यांना बोलायचे आहे त्यांनी यावे.

सेटलमेंटचा नातू:

येतो. चुलत्यांनाही घेऊन येतो. फाटकावर आमची नावे लिहून घ्या, आणि आमच्या आधी येणाऱ्यांचीही लिहिलेली असू द्या.