पाय मिळाला, आता रडायचं कशाला?

स्नेहल_फिजिओ: काल दुसऱ्या एका धाग्यावर वाचलं, "जॉर्डनमधल्या झातरीच्या निर्वासित छावणीत सीरियन लोकांना कृत्रिम पाय फुकट मिळतात. पाय बसला की माणूस कामाला लागतो. नैराश्य वगैरे आपण चिकटवलेली लेबलं." रात्री झोप लागेना म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी जॉर्डनमध्ये चौदा महिने हेच काम केलंय. सीरियातल्या दराहून आलेला एक सुतार, पाय गुडघ्याच्या वर कापलेला. सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कप, छान बसलं, दोन दांड्यांना धरून चालायचा सराव पूर्ण झाला आणि तिसऱ्या आठवड्यापासून येईनासा झाला. त्याच्या कॅराव्हानवर, म्हणजे छावणीतल्या पेटीसारख्या घरी, गेले तर पाय कोपऱ्यात, वर टॉवेल टाकलेला. म्हणाला, "नफ्सीती ताबाने." मन थकलंय. तिथे नैराश्याला बहुतेक जण असंच म्हणतात. जखम केव्हाच भरली होती. रात्री नसलेला अंगठा दुखायचा आणि दिवसा नऊ वर्षांचा मुलगा हातगाडी ढकलून घर चालवायचा. बाप ते दारातून बघायचा.

दिनकर_सातारा: ते मीच लिहिलं होतं, आडून बोलायची गरज नव्हती. 2009 ला माझ्या वडिलांचा पाय शुगरने गेला. जयपूर फूट बसवला, दोन महिन्यांत शेतात. कुठलं नैराश्य? 1968 साली डॉ. सेठी आणि रामचंद्र शर्मांनी केलेला पाय आहे. उकिडवं बसता येतं, अनवाणी चिखलात चालता येतं. तो तिकडे द्या. युरोपातले महागडे पाय छावणीतल्या खडीवर काय कामाचे?

निनाद_पीअँडओ: काका, जयपूर फूट हे पाऊल आहे. गुडघ्यावरून कापलेल्याचा प्रश्न सॉकेट आणि गुडघ्याचा असतो. आणि महागडे कुठले? रेडक्रॉसचे पाय पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचे, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे, मुद्दाम अशाच जागांसाठी केलेले. पोरांचं तर विचारूच नका, हाड वाढतं आणि सॉकेट काही महिन्यांत घट्ट होतं.

दिनकर_सातारा: म्हणजे आपलं ते टाकाऊ! शिकलेल्यांना परदेशी शिक्का लागतोच.

निनाद_पीअँडओ: दहा वर्षं मी स्वतः जयपूर फूट बसवतोय. माझ्या तोंडी नसलेलं वाक्य घालू नका.

वैशाली_परभणी: पायांचं चाललंच आहे तर सांगते. माझ्या भावाला अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तीन वेळा बोलावलं, तिन्ही वेळा "पँट वर करा". कापलेला पाय परत उगवतो का? तिसऱ्यांदा घरी आल्यावर तो दोन दिवस जेवला नाही. आपल्याच जिल्ह्यात ही गत, तर परक्या देशात कागदासाठी उभं राहणाऱ्याचं काय होत असेल?

निनाद_पीअँडओ: वैशालीताई, खरंय. पण काकांनी आधी ते 'टाकाऊ' मागे घ्यावं.

स्नेहल_फिजिओ: पावलावरचं भांडण तुम्ही दोघं वेगळ्या धाग्यावर न्या, मला राग येतोय आता. दिनकरकाका, तुमच्या वडिलांचा पाय गेला, पण शेत होतं, पार होता, हाक मारणारी माणसं होती. त्या सुताराचं दुकान, भाऊ, गाव सगळं गेलं. 2016 पासून जॉर्डनने सीरियनांना कामाचे परवाने दिले, पण बरेचसे शेती आणि बांधकामातले. एका पायावर परातीत वाळू वाहायची? 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज दिला की युद्धाची झळ बसलेल्या भागांत पाचातल्या एकाला मानसिक आजार असतो. हात-पाय गेलेल्यांचा हा वेगळा आकडा नव्हे, सगळ्यांचा आहे. लेबल आम्ही चिकटवत नाही.

दिनकर_सातारा: मग करायचं काय? गोळ्या वाटायच्या? मी तर कामच म्हणत होतो.

स्नेहल_फिजिओ: काम हवंच, ते मान्य. काबूलचं रेडक्रॉसचं केंद्र बघा. तिथलं काम उभं करणारे इटालियन फिजिओथेरपिस्ट अल्बर्टो कैरो 1990 पासून अफगाणिस्तानात आहेत. तिथे पाय बनवणारे, चालायला शिकवणारे बहुतेक स्वतःच अपंग. पण आधी माणूस अंथरुणातून उठायला हवा, आणि ते "कामाला लागा" म्हणून होत नाही. औषध कुणाला लागतं, कुणाला नाही. जॉर्डनमधल्या आमच्या केंद्रात पाय बसवणारे चार आणि मनाचं ऐकणारी एकच बाई, तीही आठवड्यातून एकदा. मला हे बदलायला हवंय.

दिनकर_सातारा: पाय बसल्यावर वडील शेतात जायचे हे खरं. पारावर मात्र वर्षभर गेले नाहीत. आम्ही समजायचो, चढ लागतो म्हणून. आई वेगळं म्हणायची. एवढ्यावरून मी सगळं मान्य केलं असं धरू नका, जयपूर फूटबद्दल बोललो ते कायम आहे. त्या सुताराचं पुढे काय झालं?

स्नेहल_फिजिओ: सीरियातल्याच होम्सचा एक जण, त्याचे तर दोन्ही पाय गेलेले, रोज त्याच्या दाराशी जाऊन बसायचा. माझ्या शेवटच्या महिन्यात सुतार तीनदा केंद्रावर आला. कुबड्यांवर, पाय न घालता. चहा प्यायला आणि गेला. पुढचं मला माहीत नाही.