मारलेला बीव्हर पुरायचा की शिजवायचा?

उत्तरायण
आमच्या भागात (कॅनडा, उत्तर ओंटारिओ) हे नेहमीचंच. बीव्हर, म्हणजे ओढ्यावर बांध घालणारे उंदराच्या कुळातले मोठे प्राणी, रस्त्याखालच्या मोरीत काटक्या आणि चिखल कोंबतात, पाणी तुंबून रस्त्यावर येतं, मग नगरपालिका ट्रॅपरला (सापळे लावून जनावरं मारणाऱ्याला) बोलावते. कातड्याला पूर्वीचा भाव राहिलेला नाही, त्यामुळे बरेचदा अख्खं धूड खड्ड्यात जातं. वीस-पंचवीस किलोचं जनावर असतं हो ते!

माझं म्हणणं एवढंच की मारायचाच असेल तर खा. 'शी, उंदराच्या जातीतला' म्हणून नाक मुरडणाऱ्या आपल्या मंडळींनी निदान फ्रीजरमधली कोंबडी कुठून येते ते आधी बघावं.

ओळखीच्या ट्रॅपरने मागच्या मांड्या आणि पाठीचं मांस दिलं. खरी परीक्षा सोलतानाच असते. शेपटीच्या बुडाशी ग्रंथींच्या दोन जोड्या असतात, एक कॅस्टरची (उग्र वासाच्या स्रावाची) आणि एक तेलाची. त्या अख्ख्या काढाव्या लागतात. सुरी लागून फुटल्या, तर तो दर्प कुठल्याच मसाल्याला हटत नाही. मग चरबी निघेल तेवढी काढायची, कारण उग्र वास तिच्यातच असतो. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायचं. मांस गडद लाल, जवळजवळ काळपट आणि बिनचरबीचं, म्हणून मोठ्या आचेवर चामट होतं. झाकण ठेवून मंद आचेवर तीन तास, नाहीतर सरळ कुकर. मी कांदा-खोबऱ्याचं वाटण लावलं. हाडापासून सुटून आलं. चव बकऱ्यापेक्षा गोमांसाच्या जवळची.

मीठभाकर
वाटण लावल्यावर चपलेलाही चव येते. बीव्हर कळायचा असेल तर मीठ, कांदा, मिरी, बस. बाकी सहमत.

रानवेडी
मी पूर्ण असहमत, आणि नाक मुरडून नाही. मी मासे खाते, मटण खाते.

पहिला मुद्दा, 'मारायचाच असेल तर' हे कुणी ठरवलं? मोरीच्या तोंडाशी जाळीचं कुंपण आणि बांधातून आरपार पाइप टाकला की पाण्याची पातळी हवी तेवढीच राहते आणि बीव्हरही राहतो. बीव्हर काढून टाकला तर जागा मोकळी होते आणि पुढच्या हंगामात दुसरं जोडपं येतं, कारण ओढा तोच आणि झाडंही तीच. म्हणजे तुमच्या नगरपालिकेने प्रश्न सोडवला नाही, फक्त ट्रॅपरची वर्गणी लावून घेतली.

दुसरा, मरण. पाण्याखालच्या फासात अडकलेला बीव्हर बुडून मरतो. हा प्राणी पंधरा मिनिटांपर्यंत श्वास रोखू शकतो. त्या पंधरा मिनिटांचा विचार करा आणि मग कोंबडीशी तुलना करा.

तिसरा, इतिहास. कातड्यांचा व्यापार करणारी हडसन्स बे कंपनी १६७० साली स्थापन झाली. युरोपातल्या टोप्यांसाठी बीव्हरची अशी कत्तल झाली की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोट्यवधींचे लाखभर उरले होते. युरोपातला बीव्हर तर हजार-बाराशेवर आला होता. 'वाया जातंय, वापरा' या वाक्यातूनच मागणी तयार होते. आज मांड्या, उद्या रेस्टॉरंटात 'कॅनेडियन स्पेशल'.

उत्तरायण
रेस्टॉरंटची भीती फुकट आहे. शिकारीचं मांस विकण्यावर इथे कडक निर्बंध आहेत. मला मिळालं ते भेट म्हणून. फासांचंही म्हणाल तर कॅनडा, रशिया आणि युरोपीय संघ यांच्यात १९९७ साली कमीत कमी यातना देणाऱ्या सापळ्यांच्या निकषांचा करार झाला, त्यात बीव्हर आहे. पाइपचं मान्य, तो लावावाच. पण सपाट जमिनीवर, जिथे दोन फूट पाण्यातही शेत जातं, तिथे तो पुरत नाही.

चिकित्सक
मटणाच्या गप्पांत एक गोष्ट कुणी बोललं नाही. बीव्हरला तुलारेमिया हा जिवाणूंचा आजार होतो आणि तो सोलताना हातावरच्या जखमेतून माणसाला लागतो. हातमोज्यांशिवाय हात लावू नका. मेलेला सापडलेला किंवा मलूल दिसणारा बीव्हर तर अजिबात नको. शिजवताना मांसाचा आतला भाग ७४ अंश सेल्सिअसला पोचला पाहिजे, तेव्हा 'मीडियम रेअर'चे लाड इथे नाहीत. कुकरवाल्यांना चिंता नाही.

माळकरी
धागा चुकून उघडला. चालू द्या. राम कृष्ण हरी.

वसईवाला
अवांतर: आमच्याकडे उपवासकाळात शुक्रवारी मटण बंद, मासळी चालते. सतराव्या शतकात क्वेबेकच्या बिशपनेही वर विचारणा केली होती म्हणे, की बीव्हर खाल्ला तर उपास मोडतो का? उत्तर आलं, पाण्यात राहतो, शेपटीला खवले आहेत, तेव्हा मासा समजा. आमच्या आजीला हे कळलं असतं तर तिने डुकरालाही तळ्यात सोडलं असतं.

जेम्सबेवाली
मी उत्तरेला क्री या कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या एका वस्तीत परिचारिका म्हणून काम केलं आहे. इथला वाद वाचून थोडी चिडचिड झाली. उत्तरायण 'वाया जाण्यापेक्षा खा' म्हणतात, रानवेडीताई 'खाल तर मागणी वाढेल' म्हणतात. दोघांच्याही बोलण्यात मांस म्हणजे कातड्याच्या मागून उरलेली वस्तू. क्री लोकांसाठी ते आधीपासून अन्नच आहे.

त्यांच्याकडे सोललेला बीव्हर दोरीने शेकोटीशेजारी टांगतात आणि दोरीला पीळ देतात. तो स्वतःभोवती गरगरत चारी बाजूंनी भाजतो आणि चरबी खालच्या भांड्यात गळते. ती चरबी फेकत नाहीत, उत्तरायणभाऊ. थंडीत नुसत्या बिनचरबीच्या मांसावर, सशावर वगैरे, माणूस पोटभर खाऊनही खंगतो. म्हणून शेपटीला मान. शेपटी म्हणजे जवळजवळ सगळी चरबी. विस्तवावर धरली की वरची काळी साल भरताच्या वांग्यासारखी फुगते आणि सोलून निघते. आतलं पांढरं, लिबलिबीत. पहिल्या घासाला मला जड गेलं, खोटं कशाला बोलू. म्हाताऱ्या माणसांना मात्र तोच तुकडा आधी वाढतात.

हाडं कुत्र्यांपुढे टाकत नाहीत, पाण्यात परत सोडतात. आणि संख्येचं म्हणाल तर १९३०च्या दशकात बीव्हर संपत आले होते, तेव्हा जेम्स बे किनाऱ्यावरच्या रूपर्ट हाऊस वस्तीच्या परिसरात राखीव क्षेत्र झालं. क्री कुटुंबांनी शिकार थांबवली आणि प्रत्येक घराच्या टापूतल्या बीव्हरच्या घरट्यांची मोजणी ठेवली. बीव्हर परत आले. खाणाऱ्यांनीच ते राखले. संपवले ते टोपीवाल्यांनी.

मीठभाकर
+१. चरबी फेकू नका हे माझंही म्हणणं होतं, फक्त मला चपलेपलीकडे सुचलं नाही.

रानवेडी
जेम्सबेवाली, क्री लोकांच्या खाण्याला माझा विरोध नव्हता आणि नाही. माझा रोख उपनगरात राहून 'मी बीव्हर खाल्ला' म्हणून फोटो टाकणाऱ्यांवर आहे. टापू मोजणारा एक आणि मोरीतला उचलून आणणारा दुसरा, या दोघांना एका पंगतीत बसवू नका.

भटकंती
दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियाचं उदाहरण कुणीच दिलं नाही. १९४६ साली अर्जेंटिनाने कॅनडातून थोडे बीव्हर नेऊन तिएरा देल फुएगो बेटावर सोडले, कातड्याचा धंदा उभा राहावा म्हणून. धंदा उभा राहिला नाही, बीव्हर उभे राहिले. तिथे लांडगा नाही, अस्वल नाही. शिवाय कॅनडातली विलो किंवा अॅस्पेनची झाडं कापली तरी बुंध्याला फुटवे येतात, तिथलं लेंगा नावाचं झाड तसं फुटत नाही. ओढ्याकाठची जंगलंच्या जंगलं पाण्यात उभी वाळली. २००८ साली चिली आणि अर्जेंटिना या दोघांनी मिळून निर्मूलनाचा करार केला. तिथे बीव्हर खाणं हे पुण्यच. इथे खाऊ नका म्हणणाऱ्या रानवेडीताई तिथे काय म्हणतील?

रानवेडी
तिथे म्हणेन की मारा, आणि खायचा तर खुशाल खा. पण खाण्याला उपाय समजू नका. निर्मूलन म्हणजे शेवटचं जोडपंसुद्धा, दुर्गम खोऱ्यातलं, जिथून मांस बाहेर आणायला हेलिकॉप्टर लागेल. ज्याचं पोट बीव्हरच्या मटणावर चालतं तो शेवटचं जोडपं कशाला मारेल? आणि तो प्राणी तिथे पोचला तोही कुणाला तरी त्यात धंदा दिसला म्हणूनच. तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे, धन्यवाद.

उत्तरायण
मान्य, पॅटागोनियात पोट भरून प्रश्न सुटणार नाही. माझा दावा तेवढा मोठा कधीच नव्हता. माझ्या गावात मारलेला बीव्हर खड्ड्यात जातो, तो पातेल्यात जावा, बस. जेम्सबेवालींचं चरबीचं पटलं. पुढच्या वेळी शेपटी मागून घेईन.

नगरपालिकेला पाइप बसवण्यासाठी अर्ज लिहितोय. रानवेडी, तुमची सही हवी आहे.

रानवेडी
मसुदा इथे टाका. त्यात 'पाइप बसेपर्यंत ट्रॅपिंग बंद' हे वाक्य असेल तर सही करते. 'मांस गरजूंना द्यावे' असलं काही घुसडलं असेल तर नाही.

उत्तरायण
ते वाक्य घातलं तर येत्या वसंतात रस्ता पाण्याखाली जाईल, आणि शाळेची बस त्याच रस्त्याने जाते.

रानवेडी
मग पाइप आत्ताच बसवा. गोठण्याआधी अजून वेळ आहे.