ओनायडा कोशात ‘सगळी रूपं भरा’ म्हणणाऱ्यांसाठी

टाकणखार
शेजारच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय: ओनायडा या उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी भाषेचा ऑनलाइन शब्दकोश नवशिक्याच्या काही कामाचा नाही, ऐकलेला शब्द टाकला की शून्य उत्तरं, तेव्हा सगळी रूपं भरून टाका. तिथे दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा धागा.

सगळी म्हणजे किती? सर्वनामी उपसर्गच ५८. त्यांत कर्ता-कर्म एकत्र: ‘मी-तुला’ला कु-, ‘मी-त्याला’ला ली-. धातूचा पहिला आवाज बदलला की उपसर्ग बदलतो. ‘तो’च्या ला-पुढे इ आला तर दोन्ही मिळून लं. वर सवयीचं रूप, पूर्णत्वाचं रूप, आणि घटनेची तीन: झालं, होईल, व्हावं. शिवाय नाम क्रियापदाच्या पोटात शिरतं. घराचं -नुंहस- आणि मोठेपणाचं -ओवानं- मिळून ‘कानुंहसोवानं’, म्हणजे घर मोठं आहे. प्रत्येक नामासाठी अशी नोंद करत बसणार?

त्यापेक्षा सोलायला शिका. ‘वाहातेखुंनी’ म्हणजे तो जेवला, ‘अंहातेखुंनी’ म्हणजे जेवेल. आधी वा- किंवा अं- काढा, मग ‘तो’चा हा- (शब्दाच्या सुरुवातीला हाच ला- असतो). उरलेलं ‘तेखुंनी’ शोधलंत तर मात्र हात हलवत परत. धातू -आतेखुंनी- आहे, त्याचा आ उपसर्गाच्या आ-मध्ये बुडालेला असतो. काही सापडलं नाही की पुढे आ लावून बघा. निम्मी रड इथेच थांबते.

निळी शाई
असहमत. एवढं सोलता येणाऱ्याला कोश लागतोच कशाला? मायकेलसन-डॉक्स्टेटरांचा २००२चा कोश कागदी, हजारावर पानांचा. तिथे धातूखाली लावणं भाग होतं. ऑनलाइनला काय धाड भरलीय? ओनायडाची बहीणभाषा मोहॉक, तिच्यासाठी क्रियारूपं देणारा कावेनोनिस आहेच. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने मोहॉक शिकवणाऱ्या प्रौढांच्या शाळेबरोबर केलेला. तो रूपं साठवत नाही, नियमांनी घडवतो. तेच इथे करा.

टाकणखार
कावेनोनिसला क्रियापद निवडून दिलं की तो रूप देतो. तुम्हाला हवंय उलटं: रूप देऊन धातू. आणि मोहॉकचा र काढून ल घातला की ओनायडा झाली, असं वाटत असेल तर नमस्कार.

निळी शाई
नियमांनी रूपं घडवून त्यांची शोधसूची करा, झालं उलटं. नमस्कार पोचला.

बोरूबहाद्दर
उपसर्ग राहू द्या, माणूस तिथवर पोचतच नाही. क आणि त स्वरापूर्वी ग-द सारखे ऐकू येतात, पण ओनायडाच्या रोमन लिपीत ग-द नाहीतच. ‘शेगोली’ (नमस्कार) ऐकलं, ग टाकला, शून्य. मग अं-साठीचा उलटा व्ही: कीबोर्डवर नाही, म्हणून कुणी टोपीचं चिन्ह टाकतो. घसा बंद करायच्या आवाजाला कुणी बिनटिंबाचं प्रश्नचिन्ह, कुणी अपॉस्ट्रॉफी, आणि तीही वर्डने वाकडी केलेली. दीर्घाला कुणी मधला ठिपका, कुणी कोलन. शोधताना आघात नि दीर्घ गाळा, ग-द चे क-त करा, घशाचं चिन्ह ऐच्छिक ठेवा. दोन दिवसांचं काम. तुमची धातूमीमांसा नंतर.

कोपरा
आणि कुजबुज? तिच्याबद्दल कुणी बोलायचंच नाही? बोलणं संपताना शेवटचा तुकडा कुजबुजतात, लेखनात तो अधोरेखित करतात. साध्या मजकुरात चिकटवलं की रेघ उडते आणि मुलं सगळं खणखणीत वाचतात.

बोरूबहाद्दर
म्हणून तर आवाज आहे. १९१० साली जन्मलेल्या ओनायडाभाषक मारिया हिंटनबाईंनी ऑनलाइन कोशासाठी हजारो ध्वनिमुद्रणं करून ठेवलीत. बटण दाबा नि ऐका.

कोपरा
तिथेच तर घोळ! सुटा शब्द उच्चारला की तिथेच बोलणं संपतं, म्हणजे टोकाचं रूप मिळतं. शिकणारा तेच वाक्याच्या मध्ये कोंबतो. दर शब्दाला आवाज बुडतो, जणू माईकची वायर सैल आहे.

बोरूबहाद्दर
म्हणजे नव्वदी ओलांडलेल्या बाईंचं कामही तुम्हाला कमीच. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं हो.

कोपरा
बाईंच्या कामाला कोण नाव ठेवतंय? शब्द माझ्या तोंडी घालू नका. सुटे शब्द मागणाऱ्याने सुटेच मागितले, बाईंनी चोख दिले. मी नोंदींच्या रचनेबद्दल बोलतोय.

टाकणखार
धागा कोशात शोधायच्या रीतीबद्दल होता. आठवण करून दिली, बाकी चालू द्या.

कोपरा
हीच शोधायची रीत! वाक्यात ऐकलेलं रूप आणि कोशातलं रूप शेपटाशी जुळत नाही, म्हणून शून्य येतं. तुम्ही डोक्याकडून सोलताय, शब्द शेपटीकडूनही बदलतो. १९३०च्या दशकाच्या शेवटी विस्कॉन्सिनात सरकारी रोजगार योजनेतून ओनायडा माणसांनीच अख्ख्या गोष्टी उतरवल्या. स्वाडेश आणि लाउन्सबरी हे भाषाशास्त्रज्ञ तेव्हा तिथे होते. त्या गोष्टींत शब्द मध्येही आहे, टोकालाही. प्रत्येक नोंदीला त्यातलं एकेक वाक्य जोडा.

निळी शाई
ते विस्कॉन्सिनचं. डॉक्स्टेटरबाई ऑन्टॅरिओतल्या टेम्सकाठच्या वस्तीच्या. वाक्याशेजारी गावाचं नाव टाका, नाहीतर पुढचा धागा त्यावर.

बोरूबहाद्दर
गाव टाका, वाक्य टाका, हवं तर पंचांगही टाका. कोपरासाहेबांचं शेपूट मान्य, एवढ्यासाठी की त्याशिवाय ते गप्प बसणार नाहीत. पण शोधताना शेवटचा तुकडा सैल सोडायचा तर तीन अक्षरांच्या शब्दाला दोनशे उत्तरं येतील, तेव्हा हाका मारू नका.

कोपरा
सैल सोडा म्हणालो नाही. दोन्ही रूपं नोंदवा: सुटं एक, पुढे शब्द असताना एक. ५८ नाहीत, दोनच.

टाकणखार
आणि ती दोन रूपं जेवणाच्या ‘तो’ला, ‘ती’ला, ‘आम्हा दोघांना’, सगळ्यांना वेगवेगळी. आलात ना फिरून सगळी रूपं भरण्यावर?