हँग-फाइव्हमध्ये मागचे चाक उचलताच सायकल पुढे कोसळते. चूक कुठे होत असावी?

भांडुपकर_२०:

नमस्कार. मी भांडुपला राहतो आणि गेले दीड वर्ष फ्लॅटलँड बीएमएक्सचा, म्हणजे छोट्या सायकलवर तोल सांभाळत करायच्या कसरतींचा, सराव करतो आहे. या प्रकाराला रॅम्प लागत नाही, २० इंची चाकांची सायकल आणि सपाट जमीन पुरते. त्यामुळे आमच्या सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये दुपारी बारा ते दोन, म्हणजे गाड्या बाहेर गेलेल्या असतात तेव्हा, मला जागा मिळते. गेले तीन महिने मी हँग-फाइव्हपाशी अडकलो आहे. डावा पाय पुढच्या चाकाच्या डाव्या पेगवर (चाकाच्या मध्याला बाहेरून बसवलेल्या, पाय ठेवायच्या नळीवर), उजवा पाय मोकळा, मागचे चाक हवेत आणि सायकल केवळ पुढच्या चाकावर चालत राहिलेली, इतकेच तर करायचे आहे; पण ते होत नाही.

मागचे चाक वीतभर उचलले जाते, सायकल तीन-चार फूट चालते आणि एकदम पुढे कोलमडते. पुढचा ब्रेक मी एका बोटाने सतत धरून ठेवतो आणि तोल पुढे जातो आहे असे वाटताच दाबतो, तरीही पडतोच. एंडो मात्र मला व्यवस्थित येतो. पुढचे चाक रोखून मागचे चाक दोन-तीन सेकंद हवेत धरता येते. संध्याकाळपर्यंत मनगटे ठणकतात. डावा पेग अधूनमधून पायाखाली किंचित फिरतो, पण नट आवळला की आठवडाभर टिकतो. टायरमध्ये ४५ पीएसआय हवा ठेवतो. मित्रांचे म्हणणे आहे की मी घाबरतो. दिवसाला तीस-चाळीस वेळा पडूनही पुन्हा सायकलवर चढणाऱ्याला ते पटणे कठीण आहे, म्हणून कारण जाणून घ्यायचे आहे.

वरळी_पेग:

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, आणि ते एंडोच्या सवयीत दडलेले आहे.

एंडोमध्ये पुढचे चाक थांबलेले असते आणि ब्रेक हाच आधार असतो. ब्रेक सुटला की चाक पुढे निघते आणि मागचा भाग खाली येतो, त्यामुळे ‘तोल बिघडला की ब्रेक धरावा’ हे बोटाला पाठ होऊन जाते. हँग-फाइव्हमध्ये चाक चालते आहे. चालत्या चाकाला ब्रेक लागला की चाक मंदावते आणि तुमचे शरीर पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहते. म्हणजे तोल आधीच पुढे गेला असताना तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा स्वतःला आणखी पुढे ढकलता. बसचालकाने अचानक ब्रेक मारल्यावर उभे प्रवासी ज्या दिशेला जातात, त्याच दिशेला तुम्ही जात आहात.

या युक्तीत ब्रेकचा उपयोग उलट वेळी होतो. मागचे चाक खाली येऊ लागले, तोल मागे पडला, की ब्रेकला अगदी ओझरता स्पर्श करायचा. मागचा भाग पुन्हा वर येतो. तोल पुढे जात असेल तेव्हा बोट लिव्हरवरून काढलेलेच बरे. त्या वेळी कोपरे सरळ करून कंबर सीटकडे न्यायची आणि मोकळा पाय मागे घ्यायचा. तोल मागे पडत असेल तर तोच पाय पुढे न्यायचा. मोकळा पाय शोभेसाठी नसून तराजूतल्या वजनासारखा आहे, आणि तो जितका सैल राहील तितकी दुरुस्ती लहान करावी लागेल.

फ्लॅटलँडचा इतिहासही येथे उपयोगी पडतो. सुरुवातीच्या काळातल्या बऱ्याच युक्त्या ब्रेक धरून जागच्या जागी करायच्या होत्या. १९८०च्या दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या यॉर्क शहरातील केविन जोन्स यांनी चाक चालते ठेवून करायच्या युक्त्यांना जे वळण दिले, त्यानंतर हा खेळच बदलला. तुमचे हात अजून पहिल्या पद्धतीचे आहेत आणि युक्ती दुसऱ्या पद्धतीची आहे. तुम्ही घाबरता असे मला मुळीच वाटत नाही.

सरावाचा क्रम मी असा ठेवला होता. आधी मागचे चाक जमिनीवरच ठेवून, डावा पाय पेगवर आणि उजवा पाय मोकळा सोडून सायकल चालू द्यायची; वेग साधारण सावकाश धावणाऱ्या माणसाइतका. हे कंटाळवाणे आहे, पण मी दोन आठवडे दुसरे काहीही केले नाही. त्यानंतर चाक वीतभर नव्हे, चार बोटे उचलायचे आणि स्वतःहून खाली ठेवायचे. ते आपल्या इच्छेने खाली ठेवता आले पाहिजे, ही अट मी कधी सोडली नाही, कारण तोवर आपण युक्ती करत नसतो, पडणे लांबवत असतो. नजर टायरवर न ठेवता दहा-बारा फुटांवर ठेवा. टायरकडे पाहिले की मान झुकते, खांदे हँडलच्या पुढे जातात आणि सगळा भार मनगटांवर येतो. तुमच्या ठणक्याचे कारण बहुधा तेच असावे. तरीही आठवडाभर विश्रांती घेऊन ठणका थांबला नाही तर डॉक्टरांना अवश्य दाखवा.

कुर्ला_लेथ:

मी लेथवर काम करतो, म्हणून फक्त पेगबद्दल सांगतो. फिरणारा पेग ही किरकोळ बाब नाही. नट घट्ट करूनही आठवडाभरात ढिला होत असेल तर पेगचे भोक आणि एक्सल, म्हणजे चाकाचा मधला दांडा, यांचे माप तपासा. अनेक सायकलींच्या पुढच्या चाकाला १० मिलिमीटरचा एक्सल असतो आणि पेग बहुतेक १४ मिलिमीटरच्या भोकाचे येतात. मधली पोकळी भरणारी बुशिंग घातलेली नसेल तर पेग केवळ नटच्या दाबावर उभा राहतो. ही बुशिंग कोणताही लेथवाला कातून देईल. पेग वेल्डिंग करून मात्र कधीही बसवू नका. माझ्याकडे आलेला तसा एक पेग सांध्यातून सरळ तुटलेला होता.

टायरच्या बाजूवर कमाल दाब छापलेला असतो, त्याच्या जवळपास हवा ठेवा. फ्लॅटलँडचे काही टायर १०० पीएसआयपर्यंत चालतात. ४५ वर चाक जमिनीला चिकटते, वेग लवकर मरतो आणि मग ब्रेक न लावताही लावल्यासारखे होते.

दादर_टांगता:

मी सायकल चालवत नाही, शिवाजी पार्कला लहानपणापासून मल्लखांब केला आहे आणि आता मुलांना शिकवतो. माझा भाचा हीच युक्ती शिकत होता, म्हणून वाचले.

पुरलेल्या मल्लखांबावर पक्का असलेला मुलगा टांगत्या मल्लखांबावर पहिल्यांदा चढतो तेव्हा खांबाला जिवाच्या आकांताने आवळतो. आवळल्याबरोबर लाकूड जास्त फिरते, कारण आता खांबच हलणारा असतो. त्याला आम्ही सांगतो की अढी, म्हणजे पायांची पकड, पक्की ठेव, पण पोट आणि खांदे मोकळे सोड. भाच्याचे हँडल पकडणे मी पाहिले तेव्हा त्याच्या बोटांची पेरे पांढरी पडली होती. त्याला पकड सैल करायला सांगितली आणि त्याच दिवशी सायकल दुप्पट अंतर गेली.

दुसरे असे की आम्ही चढण्याआधी उतरणे शिकवतो. या युक्तीत मोकळा पाय जमिनीच्या जवळच असतो, तेव्हा हँडल न सोडता त्या पायावर उतरण्याचा स्वतंत्र सराव करावा. रोज पहिली पंधरा मिनिटे केवळ उतरा. आणि पावसाळा आला आहे, पार्किंगच्या कडेला शेवाळ धरते; गाड्यांच्या टायरबरोबर आलेले पाणीही त्या गुळगुळीत कोब्यावर दिसत नाही. आधी फडक्याने जागा पुसून घ्या.

भांडुपकर_२०:

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितो आहे, कारण करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे मला बरे वाटले नाही.

ब्रेकची लिव्हर मी पहिले दहा दिवस केबल सोडवून निकामीच करून ठेवली, म्हणजे बोटाला दाबायला काही उरले नाही. त्या दहा दिवसांत मी पुढे फक्त दोनदा पडलो. बाकी प्रत्येक वेळी मागचे चाक खाली आले, आणि ते पडणे मुळीच लागत नाही. बुशिंग कातून घेतली, पेग आता हलत नाही. हवा ८५ ठेवतो. मनगटे आठवड्यातच बरी झाली. काल दुपारी खांब क्रमांक चारपासून सातपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस फूट, मागचे चाक हवेत होते आणि ते मी स्वतः खाली ठेवले. वॉचमन काका खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

एक अडचण उरली आहे. सायकल सरळ जात नाही, दर वेळी डावीकडे वळत जाते आणि शेवटी भिंतीजवळ थांबावे लागते.

वरळी_पेग:

अभिनंदन, फार आनंद झाला. तुमचे वजन डाव्या पेगवर आहे, म्हणून सायकल स्वतः किंचित उजवीकडे कललेली असायला हवी; तरच दोघांचा मिळून तोल चाकाच्या बरोबर वर येतो. तुम्ही ती उभी धरत असणार, आणि पडू नये म्हणून चाक डावीकडे वळत असणार. हँडल न वळवता सीट दोन बोटे उजवीकडे झुकवून पाहा, आणि तोवर भिंत तुमच्या उजव्या हाताला येईल अशा बाजूने सुरुवात करा.